अंग विश्राममध्ये, चित्त सावधान: झानशिनचा सराव कसा करावा

केंडोच्या, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या, सामन्यात डोक्यावर खणखणीत वार बसतो, पंचांचे झेंडे वर जातात आणि त्याच क्षणी वार करणारा आनंदाने मूठ उंचावतो. तिन्ही पंच मधे येतात, आपसात बोलतात आणि गुण रद्द होतो. अखिल जपान केंडो महासंघ १९५२ साली स्थापन झाला. त्याच्या नियमांत ग्राह्य वाराची व्याख्या आहे. पूर्ण जोम हवा, पवित्रा नीट हवा, शिनाईचा, म्हणजे बांबूच्या सरावाच्या तलवारीचा, ठरलेला भाग ठरलेल्या जागी लागायला हवा, धारेची दिशा बरोबर हवी, आणि या सगळ्यानंतर झानशिन हवं. झानशिन नसेल तर वार पुरा झाला असं धरतच नाहीत.

‘झान’ म्हणजे उरणं, ‘शिन’ म्हणजे मन. वार करून झाल्यावर जे भान उरतं ते झानशिन. क्यूदोत, म्हणजे जपानी धनुर्विद्येत, हाच शब्द दुसरं अक्षर बदलून ‘उरलेलं शरीर’ असाही लिहितात. उच्चार तोच राहतो.

मराठी विद्यार्थ्याला इथे एक अडचण येते. ‘सावध राहा’ म्हटलं की आपल्या अंगात शाळेची कवायत जागी होते: छाती पुढे, गुडघे ताठ, दात आवळलेले. ‘विश्राम’ म्हटलं की अंगाबरोबर लक्षही सुटतं. झानशिनमध्ये या दोन आज्ञा एकाच वेळी पाळायच्या असतात. अंग विश्राममध्ये आणि चित्त सावधान. पुढचा सगळा सराव या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवण्यासाठी आहे.

सैलपणा कुठे हवा आणि कुठे नको

केंडोचा मधला पवित्रा, चुदान, घ्या. शिनाई नसेल तर तेवढ्याच लांबीची साधी काठी चालेल. उजवं पाऊल पुढे, डावं मागे. डाव्या पायाची बोटं उजव्या टाचेच्या रेषेत, आणि दोन पावलांमध्ये आडवं अंतर एका मुठीएवढं. डावी टाच थोडी उचललेली. उजवी टाच जमिनीला टेकल्यासारखी दिसावी, पण तिच्याखालून कागद सरकला पाहिजे. डावी मूठ बेंबीच्या समोर, पोटापासून एक मूठ दूर. काठीचं टोक समोरच्याच्या गळ्याच्या दिशेने.

आता पकड. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका घट्ट, मधलं बोट थोडं कमी, अंगठा आणि तर्जनी नुसती टेकलेली. उजवा हात दिशा देतो, ताकद देत नाही. पकड बरोबर आहे का हे पाहायला जोडीदाराने काठीच्या टोकाला बाजूने हलकी टपली मारावी. टोक थोडं हलून आपोआप मधे आलं तर ठीक. अजिबात हललं नाही तर खांदे आवळलेले आहेत, आणि हातभर बाजूला गेलं तर डावी करंगळी झोपलेली आहे.

खांद्यांचा ताण डोक्यातून सूचना देऊन जात नाही. खांदे मुद्दाम कानापर्यंत उचला, दोन सेकंद धरा आणि एकदम सोडून द्या. तीन वेळा करा. तिसऱ्यांदा खांदे जिथे येऊन थांबतील ती त्यांची जागा. मग जबडा पाहा. दातांवर दात दाबलेले असतील तर मानही आखडलेली असते, आणि आखडलेल्या मानेने बाजूची हालचाल उशिरा दिसते.

कंबर आणि डावी पोटरी मात्र सैल सोडू नका. ‘रिलॅक्स’ हा शब्द ऐकून बरेच नवशिके गुडघ्यातून बसतात आणि वजन मागच्या टाचेवर जातं. तिथून पुढे झेपावता येत नाही. आधी वजन पुढे आणावं लागतं, आणि तेवढ्यात समोरच्याचा वार येऊन जातो.

नजर

जपानी गुरू या नजरेला ‘एनझान नो मेत्सुके’ म्हणतात, म्हणजे दूरच्या डोंगराकडे पाहावं तसं पाहणं. समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचं, पण डोळ्यांत अडकायचं नाही. लोणावळ्याच्या घाटात उभं राहून समोरची अख्खी रांग पाहताना एका झाडावर नजर रोवत नाही, तसं. डोळे चेहऱ्यावर असतानाही मुठी, खांदे आणि पावलं त्याच चित्रात दिसली पाहिजेत. तलवारबाज मियामोतो मुसाशीने सतराव्या शतकात या दोन पाहण्यांना वेगळी नावं दिली: ‘कान’ हे आतून जाणणारं पाहणं आणि ‘केन’ हे नुसतं डोळ्यांनी पाहणं. पहिलं प्रबळ असावं आणि दुसरं सौम्य, असं तो सांगतो.

सराव सोपा आहे. जोडीदार दोन मीटरवर उभा करा आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहत राहा. तो अधूनमधून एक पाऊल, एक बोट किंवा एक कोपर हलवेल. नजर खाली न नेता काय हललं ते लगेच सांगायचं. दोन मिनिटं पुरेत. त्यानंतर नजर ताठरते, पापण्या मिटेनाशा होतात. डोळ्यांची उघडझाप होऊ द्या. टक लावून पाहणं हाही आवळलेपणाच आहे.

श्वास

नाकाने घ्या आणि बेंबीखाली, जपानी भाषेत ‘तांदेन’ म्हणतात त्या भागापर्यंत, पोट हलकेच भरू द्या. सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवा. तीन मोजत घ्यायचा, सात-आठ मोजत सोडायचा, असे दहा श्वास. वर्गाच्या सुरुवातीला ‘मोकुसो’ म्हणजे डोळे अर्धवट मिटून बसणं असतं. ते याचसाठी असतं, डुलकी काढण्यासाठी नाही.

केंडोत हल्ला श्वास सोडताना करतात, आणि समोरचा श्वास आत घेत असताना त्याला गाठतात. श्वास घेताना माणूस क्षणभर उघडा असतो, त्याला झटकन हलता येत नाही. म्हणून वार करताना फुप्फुसं पूर्ण रिकामी करू नका. पूर्ण रिकामी केलीत तर वार संपताच तोंड उघडून धापा टाकत श्वास घ्यावा लागेल, आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही जोडीदाराच्या आवाक्यात असाल. वार, पुढची पावलं आणि वळणं हे सगळं एकाच लांब उच्छ्वासावर करा. पवित्रा परत घेतला आणि अंतर मोकळं झालं की नाकाने छोटा, समोरच्याला दिसणार नाही असा श्वास घ्या.

मेन वार आणि त्यानंतरचे पाच सेकंद

मेन म्हणजे डोक्यावरचा वार. झानशिन प्रत्यक्ष घडतं ते इथे, म्हणून सावकाश पाहू.

एक. ‘इस्सोकु-इत्तो’ अंतरावर या, म्हणजे एक पाऊल टाकलं की वार लागेल आणि एक पाऊल मागे घेतलं की वार चुकेल, असं अंतर. शिनाईंची टोकं इथे जेमतेम एकमेकींवर येतात.

दोन. डाव्या पायाने ढकलून उजवं पाऊल पुढे आपटत डोक्यावर वार करा. शिनाईच्या टोकाकडचा साधारण एक तृतीयांश भाग लागला पाहिजे. त्या क्षणी दोन्ही हात, करंगळीकडची बोटं आवळून, पिळा दिल्यासारखे आत वळतात. चहासमारंभातला ओला रुमाल पिळण्याची हीच उपमा जपानी गुरू देतात. आवळणं क्षणभरच. पुढच्या क्षणी पकड पुन्हा पहिल्यासारखी.

ज्यांचा वर्ग शाळेच्या किंवा सोसायटीच्या सभागृहात फरशीवर भरतो, त्यांनी पाऊल आपटू नये. जपानी दोजोची, म्हणजे सरावाच्या दालनाची, लाकडी जमीन धक्का पिते, आपली शहाबादी तो टाचेत परत पाठवते. फरशीवर पाऊल सपाट आणि जमिनीलगत सरकवत न्या.

तीन. थांबू नका. डावा पाय लगेच उजव्याच्या मागे ओढून घ्या आणि त्याच वेगाने जोडीदाराच्या बाजूने पुढे निघून जा, चार-पाच छोटी सरकती पावलं. हात वार जिथे लागला त्या उंचीवरच राहू द्या. ते वर उडाले किंवा खाली पडले तर वारातला जोम तिथेच संपला.

चार. जोडीदार लगेच मागे वळून वार करू शकणार नाही इतकं अंतर गेल्यावर वळा. पाठ कमीत कमी वेळ दाखवा. आधी नजर वळते, मग कंबर आणि शेवटी पावलं. बहुतेक जण उलट क्रमाने वळतात, म्हणून त्यांना समोरचा माणूस उशिरा सापडतो.

पाच. वळताच टोक गळ्याच्या रेषेत आणा. वार करतानाची आरोळी अजून विझलेली नसावी. आता एक पूर्ण श्वास होईपर्यंत तिथेच राहा. वार कसा झाला याचा विचार आत्ता नको. वार झाला तो झाला, समोरचा माणूस अजून उभा आहे.

जोडीदार पुढून हलला नाही आणि आरपार जाता आलं नाही, तर त्याच्या अंगाला भिडा, मुठी कंबरेच्या उंचीवर ठेवा, मग तोल न सोडता मागे सरून टोक त्याच्या गळ्यावर लावा. मागे सरत केलेल्या वारानंतरही तसंच. मागे पळत जाऊन शिनाई डोक्यावर धरणं दिसायला छान दिसतं, पण पुढून येणाऱ्याला तुमचं पोट उघडं मिळतं.

हा पाच पायऱ्यांचा एक फेरा. एका वेळी दहा फेरे पुरेत, त्यातले पहिले तीन अर्ध्या वेगाने. दमल्यावर केलेले फेरे झानशिन बिघडवतात, कारण दमलेला माणूस पाचवी पायरी गाळतो आणि हात त्या गाळण्याचीच सवय लावून घेतात. चौथी-पाचवी पायरी ढिली पडायला लागली की संख्या पुरी करत बसू नका.

पूर्ण झोकून देऊन मन मागे कसं उरेल, असा प्रश्न पडतो. यावर पाण्याच्या पेल्याची जुनी उपमा आहे. पेला एका झटक्यात उपडा करून पाणी फेकलं तरी तळाशी थोडं उरतंच. तेच झानशिन. भीतीपोटी पाणी आधीच राखून ठेवलं तर ते झानशिन होत नाही, कारण त्यात वारही अर्धवट झालेला असतो. मन एका जागी थांबलं की अडकलं, असं झेन भिक्षू ताकुआन सोहो (१५७३–१६४५) याने तलवारबाज यागियु मुनेनोरीला लिहून पाठवलं होतं. समोरच्याच्या तलवारीवर थांबलं तरी अडकलं आणि स्वतःच्या तलवारीवर थांबलं तरी अडकलं. ‘छान बसला’ या विचारावर थांबलेलं मनही अडकलेलंच असतं, आणि दोजोत सगळ्यात जास्त दिसतं ते हेच अडकणं.

जोडीदाराकडून कसोटी

एकट्याने केलेलं झानशिन लवकरच नाटक होतं: चेहरा गंभीर, डोळे मोठे, आत काही नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी कसोटी घ्या. दोघांनी पूर्ण संरक्षक साज घालायचा. तुम्ही वार करून पुढे जा आणि वळा. जोडीदाराने साधारण पाच वेळांतून एकदा, कधी ते न सांगता, तुम्ही वळताच डोक्यावर वार करायचा. बाकी चार वेळा त्याने नुसतं उभं राहायचं. तो वार तुम्हाला अडवता, चुकवता किंवा आधीच रोखता आला पाहिजे. हे प्रमाण वाढवू नका. दर वेळी वार येणार हे कळलं की माणूस वळतानाच आखडतो आणि सैलपणा निघून जातो.

साज नसेल तर वाराऐवजी टाळी. तुम्ही वळल्यापासून पाच सेकंदांत जोडीदार केव्हाही टाळी वाजवेल किंवा वाजवणार नाही. टाळी होताच एक पाऊल मागे सरायचं. टाळीला खांदा उडाला तर सावधपणा भीतीतून येतो आहे. पाऊल उशिरा निघालं तर लक्ष घरी गेलं आहे. केंडोत मनाचे चार आजार सांगतात: दचकणं, भिणं, शंका आणि गोंधळ. ही टाळी त्यातला तुमचा आजार कोणता ते दाखवते.

इआइदो: तलवार म्यान करताना

इआइदोत, म्हणजे तलवार उपसण्याच्या कलेत, समोर प्रतिस्पर्धी नसतो, म्हणून झानशिनची परीक्षा जास्त अवघड. महासंघाच्या १२ प्रमाण आकृतिबंधांपैकी पहिला ‘माए’ घ्या. गुडघ्यांवर बसलेल्या अवस्थेत तलवार उपसून कानशिलावर आडवा छेद, मग वरून उभा छेद, मग ‘चिबुरी’ म्हणजे पात्यावरचं रक्त झटकण्याची क्रिया करत उभं राहणं, आणि शेवटी ‘नोतो’, म्यान करणं. पहिले दोन छेद काही सेकंदांत होतात. त्यानंतरचा जवळजवळ सगळा वेळ झानशिनचाच.

चिबुरीनंतर नजर पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर, म्हणजे काही मीटर पुढे जमिनीवर. ती म्यान होईपर्यंत तिथून हलत नाही. डावा हात म्यानाचं तोंड धरतो. अंगठा आणि तर्जनीची खोबण तोंडावर थोडी पुढे येते. पात्याची बोथट पाठ त्या खोबणीवर टेकवून उजवा हात पुढे उजवीकडे ओढायचा, त्याच वेळी डाव्या हाताने म्यान मागे घ्यायचं. टोक खोबणीपाशी आलं की आपोआप म्यानाच्या तोंडात पडतं. तिथून पुढे सावकाश. पातं आत जात असताना गुडघाही खाली येतो, आणि तलवारीची मूठरोधक तबकडी म्यानाला टेकते तेव्हाच गुडघा जमिनीला टेकतो.

यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे म्यानाचं तोंड शोधायला खाली बघणं. ती दोन कारणांनी होते: डावा हात म्यान पुरेसं मागे घेत नाही, किंवा उजवा हात टोक सापडायच्या आधीच आत ढकलतो. उपाय असा. लाकडी तलवार आणि तिचं प्लास्टिकचं म्यान घ्या आणि नुसतं नोतो वीस वेळा करा. समोरच्या फरशीवर एक नाणं ठेवा आणि नजर त्याच्यावर ठेवा. टोक सापडलं नाही तर थांबा, अर्धा इंच मागे घ्या, पुन्हा शोधा, पण मान हलवू नका. हे बोटांना कळायला काही आठवडे जातात. ते होईपर्यंत धातूचं पातं हातात घेऊ नका. सरावाच्या मिश्रधातूच्या पात्याला धार नसली तरी त्याचं टोक तळहातात शिरतं.

दुसरी चूक घाईची. शेवटचे चार-पाच इंच उरले की मन ‘झालं’ म्हणतं आणि पातं खट्कन आत जातं. तो ‘खट्’ आवाज ऐकू येत असेल तर झानशिन त्या आधीच संपलेलं आहे.

क्यूदो: हिशेब पाहण्याची जागा

क्यूदोत बाण सोडण्याच्या आठ पायऱ्या आहेत आणि आठवी पायरीच झानशिन आहे. लक्ष्य २८ मीटरवर, ३६ सेंटीमीटर व्यासाचं. बाण सुटल्यावर दोन्ही हात फाकलेले, शरीराचा क्रूस तसाच, नजर लक्ष्यावर. साधारण दोन-तीन सेकंद असंच राहायचं. मग धनुष्य खाली, मग चेहरा समोर, मग पावलं जवळ, या क्रमाने. क्यूदोत झानशिनला साऱ्या नेमाचा ताळेबंद म्हणतात, आणि तो खरोखर वाचता येतो. डावा हात खाली पडलेला असेल तर सोडण्याआधीच ताण ढिला झाला होता. उजवा हात पुढे ओढला गेला असेल तर बोटांनी प्रत्यंचा सुटू न देता फेकली गेली. धनुष्य मुठीत फिरून प्रत्यंचा हाताच्या बाहेरच्या बाजूला आली नसेल तर मूठ आवळलेली होती. बाण कुठे लागला हे पाहण्यासाठी मान पुढे काढणारा हा ताळेबंद न वाचताच पुसून टाकतो.

कराटेत गोष्ट छोटी आहे. काताचा, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींच्या क्रमाचा, शेवटचा ठोसा मारल्यावर आज्ञा येईपर्यंत पवित्रा सोडायचा नाही, आणि मागचा पाय ओढून घेतानाही डोळे समोर. कुमितेत, म्हणजे जोडीच्या लढतीत, ठोसा मारून पाठ फिरवणं किंवा पंचांकडे आशेने पाहणं ही झानशिन नसल्याची खूण मानली जाते.

वर्ग संपताना

सरावाचा बिघाड बहुतेक वेळा शेवटच्या दहा मिनिटांत शिरतो. ‘जिंकल्यावर शिरस्त्राणाची दोरी आवळ’ अशी जपानी म्हण आहे. १९०५ साली, रशियाशी झालेलं युद्ध संपल्यावर, जपानच्या संयुक्त आरमाराचं विसर्जन करताना त्याचा प्रमुख अ‍ॅडमिरल तोगोने भाषणाचा शेवट याच म्हणीने केला होता. म्हणून शेवटचा नमस्कार झाला की लगेच गप्पा सुरू करू नका. बसा. आधी हातमोजे काढून उजव्या गुडघ्यापुढे ठेवा, मग दोरी सोडून शिरस्त्राण काढा आणि त्यावर ठेवा. घाम पुसलेला रुमाल त्यावर पसरा. प्रत्येक वस्तू जमिनीला टेकल्यावर हात एकदम काढून घेऊ नका. सेन नो रिक्यू या चहागुरूच्या नावावर चालत आलेल्या एका कवितेत सांगितलं आहे की वस्तू ठेवून हात मागे घेताना आवडत्या माणसाचा निरोप घेतल्यासारखा घ्यावा. रोज सात-आठ वस्तू अशा ठेवायच्या: मोजे, शिरस्त्राण, रुमाल, छातीचं कवच, कंबरेचा पट्टा, शिनाई. शिनाई शेवटी, धारेची बाजू आपल्याकडे, आणि ती ठेवताना तिच्या चारही बांबूपट्ट्यांवरून बोट फिरवून कूस निघाली आहे का तेही पाहून घ्या. निघालेली कूस शिरस्त्राणाच्या जाळीतून डोळ्यात जाऊ शकते. अशी पट्टी दिसली तर ती शिनाई उद्या वापरायची नाही. ती आजच वेगळी काढून ठेवा.